औषध मेंदूत शिरल्यावर त्याचं नेमकं काय होतं? (काकांच्या दोन गोळ्यांवरून)

आमच्या आप्पाकाकांना पार्किन्सन्स होऊन आता सहा वर्षं होतील. सांगलीला असतात. सकाळी सात वाजता गोळी, मग पाऊण तास काहीही खायचं नाही, आणि मग पोहे. काकू घड्याळाकडे बघूनच कढई चढवतात. सातच्या आधी काकांच्या हातात चहा दिला की बशीत कप असा खडखडतो की बाहेरच्या खोलीत ऐकू येतं, आणि आठच्या सुमाराला तोच हात तोच कप नीट तोंडाशी नेतो. सुट्टीत गेले की मी हे बघत बसते. मी दहा वर्षं औषध कंपनीत क्वालिटीमध्ये काढलीत, गोळ्या ट्रकभर बघितल्यात, पण गोळी "लागू पडणं" म्हणजे काय ते मला त्या बशीच्या आवाजावरून जास्त कळलं.

काकांना मुख्य गोळ्या दोन. एक लेवोडोपा-कार्बिडोपा, दिवसातून चार वेळा. दुसरी रासाजिलीन, एवढीशी, दिवसातून एकदाच. यातली पहिली गोळी मेंदूतल्या एका एन्झाइमच्या भरवशावर चालते, आणि दुसरी मेंदूतल्याच दुसऱ्या एन्झाइमला गप्प बसवायला दिलेली आहे. म्हणजे एकाच माणसाला एकाच वेळी एका एन्झाइमची विनवणी आणि दुसऱ्याला दमदाटी.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की औषधाची विल्हेवाट लिव्हर लावतं आणि किडनी बाहेर टाकते, मेंदूचा त्यात काही संबंध नाही, त्याच्यापर्यंत औषध पोचलं की काम झालं. बऱ्याच अंशी खरंही आहे ते, लिव्हरचं काम प्रचंडच असतं. पण मेंदूत शिरलेलं औषध तिथे नुसतं बसून राहत नाही, तिथे त्याला परत हात लागतो.

एन्झाइम म्हणजे प्रोटीनच, जे एखादी केमिकल रिअ‍ॅक्शन भराभर घडवून आणतं आणि स्वतः खर्ची पडत नाही. भाकरी जास्त वेळ चावली की गोड लागायला लागते ना, ते लाळेतलं एन्झाइम. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फसफसून फेस येतो, तेही एन्झाइम, त्याचं नाव कॅटलेज, आणि हे नाव लक्षात ठेवा कारण दारूच्या वेळी ते परत येणारे.

औषधांच्या बाबतीत सगळ्यात गाजलेलं खानदान म्हणजे सायटोक्रोम पी४५०. नाव भयंकर आहे पण त्यामागचं कारण साधं, या प्रोटीनला कार्बन मोनॉक्साइड चिकटवला की ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, म्हणून पिगमेंट ४५०. माणसात या खानदानाचे ५७ जीन आहेत. सगळेच औषधांवर काम करत नाहीत, कित्येकजण घरचीच कामं करतात, कोलेस्टेरॉल, हार्मोन वगैरे. मेंदूतही तसंच. मेंदूतलं जास्तीचं कोलेस्टेरॉल सरळ रक्तात निघून जाऊ शकत नाही, तर याच खानदानातलं एक एन्झाइम त्याचं रूप थोडं बदलतं आणि मग ते बाहेर पडतं. म्हणजे ही मंडळी तिथे आपल्या गोळ्यांची वाट बघत बसलेली नाहीयेत, ती आधीपासून आपल्या कामात आहेत, आणि आपण गिळलेलं काहीतरी आकाराने त्यांच्या हातात बसतं म्हणून ते त्यालाही हात घालतात.

आता प्रमाण. अख्खा मेंदू घेऊन मोजला तर त्यातलं पी४५० लिव्हरच्या मानाने साधारण एक टक्का, फार तर दोन. हे वाचून बरीच वर्षं लोकांनी विषय सोडूनच दिला होता की एवढ्याशाने काय होणारे. पण सरासरी कशी फसवते ते महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको, राज्याचा सरासरी पाऊस एक आकडा असतो आणि त्यात आंबोलीपण असते आणि माणदेशपण. मेंदूतलं तसंच आहे. बहुतेक जागी एन्झाइम जवळजवळ नाही, पण काही ठरावीक पेशींमध्ये इतकं ठासून भरलेलं असतं की ती पेशी लिव्हरच्या पेशीला मागे टाकेल. आणि औषधाचं काम तर त्या एकेका पेशीतच होतं ना, सरासरी मेंदूत कुठे होतं?

यात आपल्याकडचं काम मोठं आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत, विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या माणसाच्या मेंदूत ही एन्झाइम्स आहेत आणि ती कामही करतात हे दाखवणारं काम सुरुवातीच्या काळातच केलं, जेव्हा जगभर बहुतेक लोक उंदरांच्या लिव्हरमध्येच गुंतलेले होते. पुढे त्यांच्याच गटाने अल्प्राझोलाम घेतलं, तेच, झोपेसाठी आणि घाबरल्यासारखं होतं म्हणून घरोघरी चालणारं. लिव्हर आणि मेंदू दोघेही त्याचे तेच दोन पदार्थ बनवतात, पण त्यातला जो अंगात जोर असलेला पदार्थ आहे तो मेंदूत तुलनेने जास्त बनतो असं त्यांना दिसलं. म्हणजे रक्त तपासून जो हिशोब कळतो तो मेंदूतला हिशोब असेलच असं नाही.

इथे एक शब्दाचा घोळ मिटवते. पुस्तकात "विघटन" लिहिलेलं असतं, आणि विघटन म्हटलं की आपल्याला वाटतं मोडतोड, नायनाट, सुटलो एकदाचे. तसं नाहीये. ही एन्झाइम्स बहुतेक वेळा रेणूवर एक ऑक्सिजन चिकटवतात किंवा एखादं टोक कापतात, म्हणजे पुढच्या एन्झाइमला धरायला कान मिळतो आणि पाण्यात विरघळणारा पदार्थ होऊन तो बाहेर पडतो. पण हे करताना जो नवीन पदार्थ तयार होतो तो मूळच्यापेक्षा गरीब असेल, किंवा जास्त जोरदार असेल, किंवा चक्क विष असेल. एन्झाइमला ते कळत नाही. त्याला आकार कळतो.

कोडीन घ्या. पूर्वी खोकल्याच्या औषधात सर्रास असायचं. कोडीन स्वतः वेदनेवर फार काही करत नाही, पी४५० खानदानातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन बनवतं आणि मग आराम पडतो. हे एन्झाइम लिव्हरमध्ये आहेच, पण मेंदूतही आहे. आणि मॉर्फिनला मेंदूत शिरायला कोडीनपेक्षा जास्त त्रास होतो, त्यामुळे आत शिरलेल्या कोडीनचं जागच्या जागी मॉर्फिन होणं याला महत्त्व येतं. टोरोंटोच्या रेचेल टिंडेल यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतच हे एन्झाइम बंद करणारं औषध टोचलं, लिव्हरला हात न लावता, आणि कोडीनचा वेदनाशामक परिणाम कमी झाला. काही माणसांमध्ये या एन्झाइमचा जीन जन्मतःच बंद असतो, त्यांना कोडीन घेऊन ढिम्म काही होत नाही, आणि काहींमध्ये त्याच्या जास्तीच्या कॉपी असतात, त्यांच्यात मॉर्फिन भसाभस बनतं. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या लहान मुलांचे यातून जीव गेले, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन नकोच असं सांगितलं.

आणि आपलं पॅरासिटामॉल! जगात सगळ्यात जास्त गिळल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी एक, आणि तिचं कोडं किती वर्षं सुटत नव्हतं. २००५ मध्ये उंदरांत असं दिसलं की पॅरासिटामॉलचं एक टोक आधी मुख्यतः लिव्हरमध्ये कापलं जातं, मग तो तुकडा मेंदूत जातो आणि तिथलं एक एन्झाइम त्याला एका फॅटी अ‍ॅसिडची जोड देऊन एएम४०४ नावाचा नवीनच पदार्थ तयार करतं, आणि दुखणं कमी करण्यात त्याचा हात असतो. गंमत म्हणजे त्या एन्झाइमचं नेहमीचं काम जोडण्याचं नाही, तोडण्याचं आहे. पुढे पॅरासिटामॉल घेतलेल्या माणसांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यातही हा पदार्थ सापडला. पॅरासिटामॉलची सगळी गोष्ट एवढीच आहे असं नाही, पण डोकं दुखतंय म्हणून गोळी घ्यावी आणि शेवटची कलाकुसर डोक्यातच व्हावी हे मला फार आवडतं.

दारू. लिव्हरमध्ये दारूवर मुख्य काम अल्कोहोल डिहायड्रोजनेज करतं, पण मेंदूत त्याचा पत्ता जवळजवळ नसतो, तिथे ते काम मुख्यतः आपलं फेसवालं कॅटलेज करतं आणि त्याच्या खालोखाल पी४५० खानदानातलं सीवायपी२ई१. दोघेही दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात, जे दारूपेक्षा जास्त त्रासदायक. रक्तातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड मेंदूत सहज शिरत नाही, रक्त आणि मेंदू यांच्या मधल्या भिंतीतच अडवलं जातं, पण आतच बनलं तर भिंत काय करणार. आणि रोज पिणाऱ्यात सीवायपी२ई१ वाढत जातं. मागणी वाढली की कामगार वाढवायचे, एवढंच शरीराला माहीत.

सिगारेटचं तर वेगळंच. टिंडेल यांच्याच गटाला सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत सीवायपी२डी६ आणि सीवायपी२बी६ जास्त सापडलं. यातलं २डी६ लिव्हरमध्ये असं सहजासहजी वाढत नाही, तिथे ते जन्मतः जेवढं तेवढंच. मेंदूत मात्र निकोटिनने ते वाढतं. म्हणजे नाव तेच, एन्झाइम तेच, पण लिव्हरमधला भाऊ एका स्वभावाचा आणि मेंदूतला दुसऱ्या. म्हणून दोन माणसांच्या रक्तात औषध सारखंच आणि परिणाम मात्र वेगळा, यामागे हे एक कारण असू शकतं.

शेतकऱ्यांच्या ओळखीचं उदाहरण पाहिजे तर क्लोरपायरिफॉस. वाळवीला मारतात ते. ते बाटलीत असतं तेव्हा जेवढं विषारी असतं त्यापेक्षा पी४५० चा हात लागल्यावर कितीतरी जास्त होतं, कारण त्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि मज्जातंतूंवर जो घाला पडतो तो या ऑक्सिजनवाल्या रूपाचा. टिंडेल यांच्या गटाने उंदरांच्या फक्त मेंदूतलं हे एन्झाइम आधी बंद करून मग क्लोरपायरिफॉस दिलं, तर विषबाधा कमी झाली. म्हणजे विष बाहेरून आलं होतं हे खरं, पण त्याला धार मेंदूत लावली गेली.

हे सगळं ज्याच्यात एकत्र दिसतं ती गोष्ट १९८२ ची, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. जुलै महिन्यात तिथल्या हॉस्पिटलमध्ये बेचाळीस वर्षांचा एक माणूस आला, दगडासारखा ताठ, बोलता येत नाही, हलता येत नाही, आधी वाटलं मनोविकार असेल. पण बोटांत पेन्सिल धरवली तर तो अगदी सावकाश लिहू शकत होता, म्हणजे आत माणूस पूर्ण जागा होता. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांना दिसलं की हा तर हुबेहूब शेवटच्या टप्प्यातला पार्किन्सन्स, जो यायला लोकांना वर्षानुवर्षं लागतात आणि याला काही दिवसांत आला. मग तसेच आणखी सापडले, एकूण सातजण, सगळे तिशी-चाळिशीच्या आसपासचे किंवा त्याहून लहान, आणि सगळ्यांनी रस्त्यावर मिळणारं नकली हेरॉइन टोचून घेतलेलं. लेवोडोपा दिल्यावर ते हलायला लागले. तीच काकांची गोळी.

माल कुठल्यातरी चोरट्या लॅबमध्ये घाईत शिजवलेला होता आणि त्यात एमपीटीपी नावाची भेसळ उतरली होती. याच्या काही वर्षं आधी, १९७६ मध्ये, मेरीलँडमधल्या केमिस्ट्रीच्या एका विद्यार्थ्याने घरीच असला माल बनवून स्वतःवर वापरला होता आणि त्याचंही हेच झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी त्याचा माल उंदरांना टोचून बघितला, उंदीर काही वेळाने मजेत फिरायला लागले, आणि विषय तिथेच थंडावला. हे नीट लक्षात ठेवा.

आता एमपीटीपी स्वतः तसं निरुपद्रवी. तेलकट स्वभावाचं असल्यामुळे मेंदूत आरामात शिरतं. तिथे मज्जापेशींना सांभाळणाऱ्या ज्या आधारपेशी असतात, त्यांच्यात मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी नावाचं एन्झाइम असतं, एमएओ-बी म्हणूया. त्याचं रोजचं काम साफसफाईचं, वापरून झालेलं डोपामाइन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्यातलं एक रसायन) वगैरे मोडायचं. ते सवयीप्रमाणे एमपीटीपीलाही हात घालतं आणि दोन पायऱ्यांत त्याचं एमपीपी-प्लस करतं. हे एमपीपी-प्लस दिसायला डोपामाइनसारखं, इतकं की डोपामाइन बनवणाऱ्या पेशी आपल्याच दारातून त्याला घरचं पोर समजून आत ओढून घेतात. आत गेल्यावर ते पेशीच्या वीजघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, पहिल्याच टप्प्यावर जाऊन अडकतं. वीज गेली, पेशी मेली. आणि मरतात त्या नेमक्या मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या, ज्या पार्किन्सन्समध्ये हळूहळू जातात त्याच.

माकडांना एमपीटीपी देण्याआधी एमएओ-बी बंद करणारं सेलेजिलीन दिलं तर माकडं वाचली. म्हणजे खून भेसळीने केला असला तरी हत्यार घडवलं घरच्याच नोकराने.

आणि उंदीर का वाचले? त्याचं एक महत्त्वाचं कारण असं मानलं जातं की उंदरांच्या मेंदूकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतच हे एन्झाइम भरपूर असतं. एमपीटीपी दारातच पकडलं जातं, तिथेच त्याचं एमपीपी-प्लस होतं, आणि त्याच्यावर विजेचा भार असल्यामुळे ते आत शिरूच शकत नाही. एन्झाइम तेच, रिअ‍ॅक्शन तीच, पदार्थही तोच. दारात घडलं तर जीव वाचतो आणि माजघरात घडलं तर जातो. माझ्या मते मेंदूतल्या एन्झाइमबद्दल यापेक्षा मोठी गोष्ट नाही, किती आहे यापेक्षा कुठे आहे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

काकांच्या गोळीतही हेच "कुठे" आहे. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन कमी पडतं, मग सरळ डोपामाइनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेवोडोपा शिरतो, प्रोटीनमधल्या अमिनो अ‍ॅसिडच्या दारातून, आणि आत गेल्यावर डोपा डिकार्बोक्सिलेज नावाचं एन्झाइम त्याचं डोपामाइन करतं. पण हे एन्झाइम आतड्यात, लिव्हरमध्ये सगळीकडे आहे, त्यामुळे नुसता लेवोडोपा दिला तर बाहेरच सगळं डोपामाइन होऊन मळमळ सुरू आणि मेंदूत पोचतो कसाबसा एक टक्का. म्हणून सोबत कार्बिडोपा, जो हे एन्झाइम बंद करतो पण स्वतः मेंदूत शिरू शकत नाही. बाहेर संचारबंदी, आत काम चालू. औषधशास्त्रात यापेक्षा देखणी युक्ती मी तरी पाहिली नाही. आणि पोह्यांना पाऊण तास उशीर का, तर जेवणातली अमिनो अ‍ॅसिड त्याच दारात रांग लावतात, पोह्यांपेक्षा वरण, पनीर, अंडी जास्त. (आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांमध्येही लेवोडोपा असतो, पण म्हणून कुणी बिया वाटून खायला जाऊ नका, डोस कळत नाही आणि गोळीच्या वर पडला तर घोटाळा.)

दुसरी गोळी, रासाजिलीन, एमएओ-बी बंद करते, म्हणजे बनलेलं डोपामाइन जरा जास्त वेळ टिकतं. ती एन्झाइमला चिकटली की सुटत नाही, शरीराला नवीन एन्झाइमच बनवावं लागतं. १९९४ मध्ये ब्रुकहेवन लॅबच्या जोआना फाउलर यांच्या गटाने सेलेजिलीन देऊन मेंदूचे पेट स्कॅन (जिवंत मेंदूत कुठे काय चाललंय ते दाखवणारे स्कॅन) काढून मोजलं, तर बंद पडलेल्यापैकी निम्मं एमएओ-बी परत यायला सुमारे ४० दिवस लागतात. (१९९६ मध्ये त्यांनीच दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत हे एन्झाइम सुमारे ४० टक्के कमी असतं, धुरातल्या कशाने तरी, निकोटिनने नव्हे.) उलट लेवोडोपा रक्तातून दीड तासात निम्मा होतो. म्हणून दुपारची लेवोडोपा चुकली तर चारच्या चहाला बशी सांगते, आणि रासाजिलीन एखाद दिवस राहिली तर कुणालाच काही कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात काकांना खोकला झाला. काकूंनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सिरप आणलं. मी फोनवर म्हटलं मागे काय लिहिलंय ते वाच, काकू चष्मा लावून एकेक अक्षर वाचत डेक्स्ट्रोमेथॉर्फनपर्यंत आल्या आणि मी म्हटलं थांब, झाकण उघडू नकोस. ते मेंदूत सिरोटोनिन, म्हणजे डोपामाइनसारखंच दुसरं निरोपाचं रसायन, वाढवतं, सिरोटोनिन मोडणारं खानदान एमएओच, म्हणून रासाजिलीनबरोबर ते देऊ नये असं गोळीच्या माहितीपत्रकातच असतं. काकू परत दुकानात गेल्या तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मग आजी, दोन दिवस ती बारीक गोळी बंद ठेवा ना, हाय काय नाय काय."

दोन दिवस! तिथे निम्मं परत यायला ४० दिवस लागतात, आणि गोळी बंद केली तरी मध्ये किमान १४ दिवस सोडायचे असतात. गोळी कधीच शरीराबाहेर गेलेली असते, पण तिने बंद पाडलेलं एन्झाइम अजून बंदच असतं. त्या मुलाला तरी काय म्हणणार, गोळी पोटातून गेली की विषय संपला असंच सगळ्यांना वाटतं.

डॉक्टरांना फोन करून सिरप बदलून घेतलं. दुकानदाराने पहिली बाटली परत घेतली नाही. ती अजून सांगलीच्या फ्रिजच्या दारात आहे, सील न तोडलेली, आणि तिच्यावर काकूंनी जाड स्केचपेनने लिहून ठेवलंय, "आप्पांना नाही."